गावठाणातल्या क्रूसावर मे महिन्याची भक्ती आणि लदीन पुन्हा सुरू करायची असेल तर

प्रश्न थोडक्यात असा: उत्तर मुंबईतल्या एका गावठाणात शंभराहून जास्त वर्षांचा दगडी क्रूस आहे. आजीच्या काळी तिथे मे महिनाभर रोज संध्याकाळी रोझरी (जपमाळेची प्रार्थना) आणि लदीन (मारियामातेची नामावली) व्हायची, ३ मे रोजी सण असायचा. आता वर्षातून एकच संध्याकाळ उरली आहे: मांडव, स्पीकर आणि जेवण. प्रश्न विचारणाऱ्या ताईंना महिनाभराची प्रार्थना पुन्हा उभी करायची आहे. फादर नसतील तर चालेल का, लदीन लॅटिनमध्ये म्हणावी की मराठीत, ३ मे हा सण अजून चर्चच्या पंचांगात आहे का, इतर धर्मांचे शेजारी हार-तेल घेऊन आले तर काय करावं, अशा त्यांच्या शंका आहेत.

ताई, आधी तुमची मोठी शंका. क्रूसावरच्या रोजच्या प्रार्थनेला फादरांची गरज नाही. रोझरी, लदीन, बायबलमधला उतारा, आजाऱ्यांसाठी आणि मृतांसाठी विनवण्या, गाणी, हे सगळं प्रापंचिकांचं, म्हणजे धर्मगुरू नसलेल्या साध्या श्रद्धावंतांचं आहे आणि प्रापंचिकांनीच ते पिढ्यान्‌पिढ्या चालवलं आहे. फादर लागतात ते मिस्सेला (चर्चमधला प्रभुभोजनाचा विधी), पापनिवेदनाला, बेनेडिक्शनला (पवित्र भाकरीने दिला जाणारा आशीर्वाद) आणि नवा क्रूस उभारला तर त्याच्या आशीर्वादविधीला. प्रमुख धर्मगुरूंच्या कानावर मात्र आधी घाला. परवानगीपुरतं नव्हे, तर रविवारच्या मिस्सेनंतर त्यांनी चार शब्दांत जाहीर केलं की लोक ते आपलं मानतात.

एक बारकावा इथेच सांगून ठेवतो, कारण यात बरेच जण गोंधळतात. प्रार्थना संपवताना चालवणाऱ्याने लोकांवर हात धरून क्रूसाची खूण करायची नसते. तो धर्मगुरूंचा आणि डीकनांचा (धर्मगुरूंच्या खालच्या पायरीवरचे दीक्षित सेवक) आशीर्वाद झाला. आपण म्हणायचं, "प्रभू आम्हांला आशीर्वाद देवो, वाइटापासून राखो आणि सार्वकालिक जीवनाला नेवो," आणि सगळ्यांनी स्वतःवर क्रूसाची खूण करायची. "तुम्हांला" नाही, "आम्हांला".

आता माझं ठाम मत. वसई, उत्तन, गोराई या पट्ट्यात क्रूसांवर प्रार्थना चालवण्यात आणि लदीन गाण्यात माझी बरीच वर्षं गेली. त्यातून एवढं नक्की सांगतो की सणापासून सुरुवात करू नका, महिन्यापासून करा. क्रूसाचा सण हा महिनाभराच्या प्रार्थनेचा शेंडा होता. खालचं खोड गेलं आणि शेंडाच उरला, म्हणून त्याचं जेवणावळीत रूपांतर झालं. मांडव, लायटिंग, वर्गणी यांची पहिली बैठक घेतलीत तर सगळी ताकद तिथेच खर्च होईल. त्याऐवजी १ मेपासून रोज ठरल्या वेळी दिवा लावून बसा. मुंबईत धोबी तलावाला गोवेकरांचे कूड, म्हणजे राहायच्या सामायिक खोल्या आहेत, गावागावांचे. बोटीवर जाणारे खलाशी तिथे उतरायचे. रात्रीच्या रोझरीची वेळ कुणासाठी पुढेमागे व्हायची नाही. कोण आलं, कोण बोटीवर गेलं, याचा तिच्यावर परिणाम नसायचा. माणसं सतत बदलत असतानाही ती भक्ती टिकली ती या एका शिस्तीवर.

३ मेबद्दल. ही तारीख पवित्र क्रूस सापडल्याच्या सणाची. कॉन्स्टंटाइन बादशहाची आई संत हेलेना हिला चौथ्या शतकात जेरुसलेममध्ये प्रभूचा क्रूस सापडला, अशी परंपरा आहे. पूर्वी पंचांगात क्रूसाचे दोन सण होते, ३ मे आणि १४ सप्टेंबर. पोप तेविसावे जॉन यांनी १९६० मध्ये पंचांग सुटसुटीत करताना ३ मेचा सण काढला आणि १४ सप्टेंबरचा क्रूसविजयाचा सण ठेवला. १९६९ च्या पंचांगापासून ३ मे हा प्रेषित फिलिप आणि याकोब यांचा दिवस आहे. तरीही कोकणपट्टीत आणि गोव्यात रस्त्यावरचे, बांधावरचे, विहिरीजवळचे क्रूस मे महिन्यातच सजतात. पावसाआधी शेतीची कामं थोडी थांबलेली, मुलांना सुट्टी, बाहेर बसण्यासारखी संध्याकाळ. लोकांनी तारीख सोडली नाही याला हेही कारण आहे. त्यात चूक काहीच नाही. लोकभक्तीला स्वतःचा दिवस असू शकतो. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६३ च्या उपासनेवरील दस्तऐवजात अशा भक्तीची शिफारसच केली आहे. अट एवढीच की ती उपासनेच्या काळाशी सुसंगत असावी आणि लोकांना उपासनेकडे घेऊन जावी.

उपासनेच्या काळाशी सुसंगत म्हणजे नेमकं काय, ते तुमच्या बाबतीत फार सोपं आहे. ३ मे कुठल्याही वर्षी पास्काकाळातच, म्हणजे ईस्टरपासून पेंटेकॉस्टपर्यंतच्या (पवित्र आत्मा उतरल्याच्या सणापर्यंतच्या) काळातच येतो. ईस्टर कितीही लवकर आला तरी पेंटेकॉस्ट १० मेच्या आधी येत नाही. म्हणजे मे महिन्यात तुम्ही ज्या क्रूसासमोर बसता तो गुड फ्रायडेचा क्रूस नाही, पुनरुत्थित प्रभूचा आहे. काळं किंवा जांभळं कापड नको, उपवासकाळातली दुःखाची गीतं नकोत. पांढरी फुलं, लाल फुलं, आलेलुया असलेली गाणी घ्या. पेंटेकॉस्टपर्यंत "देवदूताचा निरोप" ही प्रार्थना न म्हणता "स्वर्गाच्या राणी, आनंद कर" म्हणायचं, हा नियम १७४२ पासूनचा आहे. आणि मे महिन्यात पेंटेकॉस्टच्या आधीचे नऊ दिवस बहुधा येतातच. प्रभूच्या स्वर्गारोहणानंतर मारियामाता आणि प्रेषित एकत्र बसून प्रार्थना करत होते, ती पहिली नोव्हेना, म्हणजे नऊ दिवसांची प्रार्थना. त्या नऊ दिवसांत रोझरीनंतर पवित्र आत्म्याचं एक गीत जोडलंत की वेगळी नोव्हेना काढायची गरजच नाही.

महिन्याचा शेवट ३१ मेला करा. त्या दिवशी मारियामातेने एलिझाबेथला दिलेल्या भेटीचा सण असतो. आमच्याकडे काही आळ्यांमध्ये त्या संध्याकाळी प्रार्थना संपल्यावर आळीतल्या अंथरुणाला खिळलेल्या म्हाताऱ्यांकडे दोघं-तिघं जाऊन रोझरीचं एक दशक (दहा "नमो मारिया") म्हणून येतात. भेटीच्या सणाचा याहून चांगला उत्सव मला माहीत नाही.

रोजच्या प्रार्थनेचा क्रम. संध्याकाळी सात किंवा साडेसात, जी वेळ ठरेल ती. पाच मिनिटं आधी घंटा. ज्याच्या घराची पाळी असेल त्या घरातल्या लहान मुलाने दिवा लावायचा. क्रूसाची खूण, एक गीत, रोझरीची पाच दशकं, लदीन, विनवण्या, समाप्तीची प्रार्थना, एक गीत. सगळं पस्तीस मिनिटांत बसलं पाहिजे. पंचेचाळीस झाली की नोकरीवरून येणारी माणसं दुसऱ्या आठवड्यात गळतात, हे मी अनेक ठिकाणी पाहिलंय. उत्साहाच्या भरात दया-माळ, संत अंतोनची नोव्हेना, आणखी दोन प्रार्थना जोडल्या जातात. प्रत्येक चांगलीच, पण क्रूसावर मे महिन्यात रोझरी आणि लदीन एवढंच ठेवा. बाकीच्या घरी म्हणाव्यात.

रोझरीला माइक लावू नका. माइकवरचा आवाज मोठा झाला की समोरचे लोक उत्तर द्यायचं थांबतात आणि ऐकत बसतात. माणसं दोन बाजूंना बसवा. "नमो मारिया"चा पहिला अर्धा एका बाजूने, "पवित्र मरिये"पासून दुसऱ्या बाजूने, आणि दर दशकाला बाजू पालटायची. दुसऱ्या बाजूचं "आमेन" पूर्ण होण्याआधी पहिल्या बाजूने सुरुवात करायची नाही. घाईने म्हणणाऱ्या गटात मरणाच्या वेळेचे शब्दच गिळले जातात. रहस्यांचं, म्हणजे दर दशकाला मनन करायच्या प्रभूच्या आणि मारियामातेच्या जीवनातल्या प्रसंगांचं वाटप नेहमीचं: सोमवार-शनिवार आनंदाची, मंगळवार-शुक्रवार दुःखाची, बुधवार-रविवार गौरवाची, गुरुवारी प्रकाशाची, जी पोप दुसरे जॉन पॉल यांनी २००२ मध्ये जोडली. तुमच्या आजीच्या पुस्तकात ती नसतील. प्रत्येक दशक एका घराला द्या आणि त्या घरातली मुलं म्हणू देत. बाराव्या वर्षी ज्याने चारचौघांत एक दशक चालवलं, तो पंचविसाव्या वर्षी अख्खी संध्याकाळ चालवायला कचरत नाही.

आता लदीन. कुणी लितानी म्हणतं, गोव्याकडचे लादायन्य म्हणतात. इटलीतल्या लोरेटोच्या तीर्थस्थानी गायली जाणारी ही मारियामातेची नामावली १५८७ मध्ये पोप पाचवे सिक्स्टस यांनी मान्य केली, आणि पोर्तुगीज मिशनऱ्यांबरोबर ती आपल्या किनाऱ्यावर आली. शिकवताना मी तिचे गट पाडून शिकवतो, नाहीतर ती नुसती नावांची रांग वाटते. सुरुवातीला देवाला हाक: प्रभू दया कर, ख्रिस्ता दया कर. मग पिता, पुत्र, पवित्र आत्मा आणि त्रैक्य अशा चार ओळी, त्यांचं उत्तर "मिझेरेरे नोबिस", आम्हांवर दया कर. इथून पुढे मारियामाता सुरू होते आणि उत्तर बदलतं, "ओरा प्रो नोबिस", आमच्यासाठी विनंती कर. आधी "पवित्र" म्हणून तीन हाका, मग माता म्हणून, मग कुमारी म्हणून, मग जुन्या करारातून घेतलेल्या प्रतिमा: दाविदाचा बुरूज, सोन्याचं घर, कराराचा कोश, स्वर्गाचं दार, पहाटेचा तारा. त्यानंतर माणसांच्या गरजांचा गट: आजाऱ्यांचं आरोग्य, पाप्यांचा आसरा, दुःखितांचं सांत्वन. शेवटी राणी म्हणून.

इथे थोडं थांबतो, कारण या नामावलीत शतकाशतकाचा इतिहास दडलेला आहे आणि मुलांना तो सांगितला की त्यांचं लक्ष लागतं. "जपमाळेची राणी" हे नाव पोप तेरावे लिओ यांनी १८८३ मध्ये घातलं. "शांतीची राणी" आलं १९१७ मध्ये, पहिलं महायुद्ध ऐन भरात असताना. "स्वर्गात उचलली गेलेली राणी" १९५० मध्ये, ती श्रद्धा जाहीर झाली तेव्हा. "ख्रिस्तसभेची माता" १९८० मध्ये, "कुटुंबांची राणी" १९९५ मध्ये. आणि २०२० च्या जूनमध्ये, जग कोविडमध्ये असताना, पोप फ्रान्सिस यांनी तीन नावं घातली: दयेची माता, आशेची माता आणि स्थलांतरितांचा दिलासा. म्हणून घरातली जुनी छापील पुस्तिका काढलीत तर ही तीन हाताने लिहून घ्या. "दयेची माता" हे "ख्रिस्तसभेची माता"नंतर, "आशेची माता" हे "देवकृपेची माता"नंतर, आणि "स्थलांतरितांचा दिलासा" हे "पाप्यांचा आसरा"नंतर येतं. ज्या गावठाणातल्या अर्ध्या घरांतली मुलं आखातात, बोटीवर किंवा कॅनडात आहेत, तिथे त्या शेवटच्या नावाला लोकांचा आवाज आपोआप वाढतो. मी तो ऐकला आहे.

लॅटिन की मराठी? रोज मराठी, सणाला लॅटिन. रोजची प्रार्थना समजली पाहिजे, यावर तडजोड नको. पण लॅटिन लदीन ही आपल्या वाडवडिलांची गाण्याची कमाई आहे. दोन-तीन आवाजांत, जमलं तर व्हायोलिनच्या साथीने ती गायली गेली आहे आणि गोव्यात आजही गायली जाते. ती एका पिढीने गायची सोडली की चाल परत मिळत नाही. पुस्तकात शब्द असतात, चाल नसते. म्हणून एप्रिलमध्येच गावठाणातल्या ज्या आज्या, मावश्या आणि काका ती गात असतील त्यांच्या घरी जा, फोनवर रेकॉर्ड करून घ्या. प्रत्येकाकडून वेगवेगळं घ्या, एकत्र गाताना एकमेकांच्या चुका झाकल्या जातात. वरचा आवाज कुणाला येतो, खालचा कुणाला, हे टिपून ठेवा. मग पाच-सहा तरुणांना आठवड्यातून एकदा शिकवा.

लॅटिन लदीनमध्ये लोक हमखास अडखळतात ती जागा म्हणजे शेवट. पन्नासहून जास्त वेळा "ओरा प्रो नोबिस" म्हटल्यावर जीभ तिथेच वळते. पण "आन्युस देई" (देवाच्या कोकरा) तीनदा येतं आणि तिन्ही वेळा उत्तर वेगळं: "पार्चे नोबिस दोमिने", "एक्झाउदी नोस दोमिने", "मिझेरेरे नोबिस". आम्हांला क्षमा कर, आमचं ऐक, आम्हांवर दया कर. ही तीन ओळींची तालीम वेगळी घ्या. गाणाऱ्याने "आन्युस देई" सुरू करण्याआधी एक श्वास थांबायचं, म्हणजे लोकांना कळतं की आता वळण आलं.

विनवण्यांमध्ये नावं घ्या. "सर्व आजाऱ्यांसाठी" एवढ्यावर सोडू नका. कुणाचं ऑपरेशन आहे, कुणाची परीक्षा आहे, या आठवड्यात कुणाची मृत्यूतिथी आहे, ते एका वहीत लिहून घ्या आणि नाव घेऊन प्रार्थना करा. ज्या घराचं नाव घेतलं जातं त्या घरातलं माणूस दुसऱ्या दिवशी येतं. क्रूस उभारणाऱ्या कुटुंबासाठी रोज एक विनवणी ठेवा. तुमच्या क्रूसाच्या चौथऱ्यावर साल कोरलेलं असेल तर ते नीट वाचा. १८९६ च्या सप्टेंबरात मुंबईत मांडवीला प्लेग निघाला आणि पुढची काही वर्षं तो शहराला आणि आसपासच्या गावांना झोडपत राहिला. बांद्र्यात आणि मुंबईच्या इतर गावठाणांत त्या वर्षांतले कितीतरी क्रूस आहेत. आळीतली माणसं एकामागून एक जात असताना उरलेल्यांनी रोज संध्याकाळी बाहेर येऊन गुडघे टेकले, त्या प्रार्थनेची ती जागा. तुमचा क्रूस त्या काळातला निघाला तर सणाच्या दिवशी प्लेगमध्ये गेलेल्यांसाठी एक दशक वेगळं म्हणा.

प्रार्थनेनंतर चणे. हे सोडू नका आणि वाढवूही नका. रात्रभर भिजवलेले देशी चणे मीठ घालून उकडायचे, खोबऱ्याचे बारीक काप मिसळायचे, कुणी वर मोहरी-मिरचीची फोडणी देतं. कागदाच्या पुडीत मूठभर. ज्या घराची पाळी त्या घराचे चणे. मी जिथे जिथे महिना बंद पडलेला पाहिला, तिथे बहुतेक वेळा एकाने चण्यांच्या जागी समोसे दिले, दुसऱ्याने बिर्याणी दिली, आणि तिसऱ्या घराने परवडत नाही म्हणून पाळीच घेतली नाही. म्हणून पहिल्या दिवशीच सांगून टाका: फक्त चणे आणि पाणी, फार तर सरबत. ज्याला जास्त द्यायचंय त्याने ते पैसे गावठाणातल्या एखाद्या मुलाच्या फीसाठी द्यावेत.

सणाच्या मिस्सेविषयी. पास्काकाळातल्या रविवारी दुसरी कुठलीही मिस्सा त्या रविवारच्या मिस्सेची जागा घेऊ शकत नाही. म्हणजे तुम्ही सोयीसाठी मेमधला पेंटेकॉस्टच्या आधीचा रविवार निवडलात तर वाचनं आणि प्रार्थना त्या रविवारच्याच असतील. क्रूसाचा भाग गीतांत, प्रवचनात आणि मिस्सेनंतरच्या वंदनात येईल. ३ मेला साध्या दिवशी ठेवलीत तर ती प्रेषितांच्या सणाची. शिवाय मिस्सा चर्चमध्येच व्हावी हा मूळ नियम आहे. उघड्यावर करायची तर तसं कारण हवं आणि निर्णय धर्मगुरूंचा. त्यांनी "चर्चमध्ये मिस्सा करू, मग मिरवणुकीने क्रूसावर येऊ" असं सुचवलं तर आनंदाने मान्य करा. ती पद्धत जास्त चांगली आहे.

मला विचाराल तर क्रूसाची मिस्सा १४ सप्टेंबरला मागा आणि मे महिना प्रापंचिकांच्या प्रार्थनेचा राहू द्या. १४ सप्टेंबर हा प्रभूचा सण आहे. तो रविवारी आला तर सामान्यकाळातल्या रविवारची जागा घेतो, म्हणजे क्रूसाचीच वाचनं, क्रूसाचंच गायन, लाल वस्त्रं. अडचण दोनच. पाऊस असतो, आणि ८ सप्टेंबरनंतरच्या रविवारपासून बांद्र्याच्या माउंट मेरीची जत्रा सुरू होते, अर्धं गावठाण तिकडे असतं. तारीख ठरवताना हे धरून चाला.

आता क्रूसाची निगा. सणाआधी क्रूसाला ऑइलपेंट मारायची जी पद्धत पडली आहे ती थांबवा. दगडाला श्वास लागतो. ऑइलपेंट आणि सिमेंट ओल आत कोंडतात आणि पावसाळ्यानंतर पापुद्रे सुटताना दगडाचा थर घेऊन सुटतात. जुन्या चौथऱ्याला चुन्याचा गिलावा आणि चुन्याची सफेदीच योग्य. बाथरूमच्या टाइल्स तर अजिबात नकोत. तुमच्या क्रूसावर रंगाचे थर असतील तर उन्हं कलली की तिरप्या प्रकाशात जवळून पाहा, बोटं फिरवून पाहा. आपल्याकडच्या अनेक जुन्या दगडी क्रूसांवर प्रभूच्या दुःखसहनाची चिन्हं कोरलेली असतात: हातोडा, पकड, तीन खिळे, शिडी, भाला, काठीला लावलेला स्पंज, काट्यांचा मुकुट, पेत्राचा कोंबडा, झग्यासाठी टाकलेले फासे. बांद्र्याच्या सेंट अँड्र्यूज चर्चच्या आवारातला एकाच दगडातला उंच क्रूस पाहून या. चिन्हं कशी वाचायची ते तिथे उभं राहून मुलांना शिकवता येतं. ती रंगाखाली बुजली असतील तर घरच्या घरी तासायला जाऊ नका, ॲसिड तर मुळीच नाही. जुन्या दगडाचं काम जाणणाऱ्याला बोलवा. मेणबत्त्या थेट दगडावर चिकटवू नका, समोर वाळूचा ट्रे ठेवा. दिव्याची काजळी धरते म्हणून दिवा क्रूसापासून हातभर पुढे.

याच बैठकीत कागदपत्रंही बघा. सार्वजनिक जागेवरच्या धार्मिक बांधकामांबद्दल सर्वोच्च न्यायालयाचा २९ सप्टेंबर २००९ चा आदेश आहे आणि मुंबईत अनेक जुन्या क्रूसांना त्यानंतर नोटिसा आल्या. जुने फोटो, चौथऱ्यावरचं साल, प्रॉपर्टी कार्ड किंवा सातबारा, चर्चच्या जुन्या नोंदी, लग्नाच्या अल्बममध्ये मागे दिसणारा क्रूस, सगळं एका फाइलमध्ये जमवा आणि प्रत धर्मग्रामाच्या कार्यालयात ठेवा. क्रूस मोठा करणं, छप्पर वाढवणं, कठडा पुढे सरकवणं टाळा. जो आहे तसा राखणं हेच त्याचं संरक्षण आहे. स्पीकर लावलात तर रात्री दहाच्या आत बंद, हा कायदाच आहे.

शेजाऱ्यांबद्दल विचारलंत. आपल्याकडे क्रूसाला हार घालणारे, नवस बोलणारे हिंदू शेजारी नेहमीच होते. माउंट मेरीला तर सर्व धर्मांचे लोक मेणाचे हात, पाय, घरं वाहतात. कोळी बांधव तिला मोत माउली म्हणतात. कुणी तेल आणलं तर घ्या, दिव्यात घाला. हार आणला तर क्रूसाला घाला. नारळ आणला तर तो फोडायचा विधी आपल्याकडे नाही, हे प्रेमाने सांगा आणि तोच नारळ दुसऱ्या दिवशीच्या चण्यात घाला. देणाऱ्याला तसं सांगितलं की आनंद होतो. त्यांच्या आजाऱ्यांची नावंही वहीत लिहा. कडक राहायचं ते आपल्याच लोकांतल्या भलत्या समजुतींबाबत. नऊ दिवस खंड पडला तर अरिष्ट येतं, ही प्रार्थना अकरा जणांना पाठवली नाही तर वाईट होतं, असल्या गोष्टी क्रूसासमोर बोलू द्यायच्या नाहीत. पाळी चुकली म्हणून कुणाचं वाईट होत नाही. दुसऱ्या दिवशी यावं.

पहिल्या आठवड्यात पाच-सहाच माणसं येतील, बहुतेक बायका आणि दोन मुलं. वेळ बदलू नका, कुणासाठी थांबू नका, आणि न आलेल्यांबद्दल क्रूसावर बोलू नका. महिन्यातल्या एका रविवारी रोझरीआधी गावठाणातल्या सर्वांत वयस्कर बाईला खुर्चीवर बसवून दहा मिनिटं बोलू द्या: क्रूस कुणी बांधला, दिवा कोण लावायचं, सणाला कुठली गाणी म्हणायचे. तेही रेकॉर्ड करा. लदीनची पुस्तिका छापायची घाई नको. पहिल्या वर्षी दोन पानांची झेरॉक्स पुरे, अक्षर मोठं ठेवा, कारण दिव्याच्या उजेडात म्हाताऱ्यांना वाचायचं असतं. दुरुस्त्या झाल्या की पुढच्या एप्रिलमध्ये नीट छापून घ्या, लॅटिन एका बाजूला, मराठी दुसऱ्या बाजूला.